नदीकाठची लाकडी वाट आणि तिथली मंडई

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच गावाविषयीची आहेत. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकूवर महानगराचाच एक भाग असलेले आणि फ्रेझर नदीच्या उत्तर तीरावर चढणीवर वसलेले ते गाव म्हणजे न्यू वेस्टमिन्स्टर. मी या गावात काही वर्षे राहिले असल्यामुळे, आणि तिथल्या नदीकाठच्या लाकडी वाटेवर माझ्या कितीतरी संध्याकाळी गेल्या असल्यामुळे, पहिल्या पत्राचे उत्तर नेहमीपेक्षा लांबले आहे, ते वाचकांनी समजून घ्यावे.

प्रश्न: सप्रेम नमस्कार. आमची मुलगी न्यू वेस्टमिन्स्टर येथे नोकरीनिमित्त राहते. मी व माझी पत्नी जून ते ऑक्टोबर तिच्याकडे मुक्कामाला जात आहोत. मुलगी व जावई दिवसभर कामावर असतात. घराजवळच नदीकाठी लाकडी फळ्यांचा ‘बोर्डवॉक’ आणि ‘रिव्हर मार्केट’ आहे, तिथे तुम्हाला वेळ घालवता येईल, असे ती म्हणते. आम्ही नाशिकचे. गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजाराची आम्हाला सवय आहे. तिथेही तसाच बाजार भरतो का? भाजी स्वस्त मिळते का? आम्ही दोघांनीच जाणे जमेल का? पत्नीचे गुडघे दुखतात. (एक सेवानिवृत्त वाचक, नाशिक)

उत्तर: आपल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण बाकीचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. आपल्याला दोघांनाच जाणे निश्चित जमेल. नदीकाठचा मार्ग सपाट आहे, जागोजागी बसायला बाके आहेत आणि मार्केटच्या इमारतीत स्वच्छतागृह आहे. अडचण आहे ती गावाची. हे गाव नदीपासून सरळ चढत जाते आणि कोलंबिया स्ट्रीटच्या वरचे काही रस्ते इतके उभे आहेत की तरुण माणसालाही मध्येच थांबून श्वास घ्यावा लागतो. मुलीचे घर चढणीवर असेल, तर उतरताना उत्साहाच्या भरात चालत उतरू नये आणि परत येताना तर मुळीच चढू नये. बसने किंवा स्कायट्रेनने (ही व्हँकूवर परिसरातली शहरी रेल्वे) न्यू वेस्टमिन्स्टर स्थानकावर यावे. तिथून नदी पाच-सात मिनिटांच्या अंतरावर आहे. स्थानकांना लिफ्ट आहे. प्रवासासाठी ‘कंपास कार्ड’ घेऊन ठेवावे. वय पासष्टच्या पुढे असेल तर सवलतीचे भाडे लागू होते, मात्र वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट किंवा त्यासारखे ओळखपत्र जवळ असू द्यावे.

गाव आणि नदी यांच्यामध्ये रेल्वेचे रूळ आहेत, हेही आधीच सांगून ठेवते. त्यावरून जाणाऱ्या मालगाड्या फार लांब असतात. फाटक पडले की बराच वेळ उभे राहावे लागते आणि कधीकधी गाडी मध्येच थांबून मागे-पुढेही होते. नवख्या माणसाला वाटते की आपण चुकीच्या जागी आलो. तसे काही नसते. गाडी जाऊ द्यावी आणि मग जावे.

आता बाजाराविषयी. बुधवारच्या बाजाराची अपेक्षा मनात ठेवून गेलात तर आपली निराशा होईल, म्हणून हे स्पष्ट लिहिते. रिव्हर मार्केट ही काचेच्या मोठाल्या भिंती असलेली, दुमजली, बंदिस्त इमारत आहे. तिच्यात किराणा व भाजीचे दुकान आहे, खाण्याची दुकाने आहेत, मधल्या मोकळ्या जागेत टेबलखुर्च्या मांडलेल्या असतात आणि वर मुलांचे वर्ग चालतात. अनेक वर्षे कसरती शिकवणारी एक शाळाही याच छपराखाली होती. पाटीत मेथी-कोथिंबीर घेऊन बसलेली बाई, तिच्याशी दोन रुपयांसाठी होणारी घासाघीस आणि शेवटी तिने वर टाकलेल्या दोन मिरच्या, यांतले तिथे काही नाही. भाव लिहिलेला असतो आणि तोच द्यावा लागतो. न शिजवलेल्या भाजीपाल्यावर व किराण्यावर सहसा कर लागत नाही, पण तयार खाण्यावर बिलाच्या वेळी पाच टक्के कर वाढतो. लिहिलेल्या भावापेक्षा जास्त पैसे मागितले म्हणून गैरसमज करून घेऊ नये. स्वस्ताईच हवी असेल तर मुलगी आपल्याला नदीपलीकडे सरे शहरात नेईल. तिथे पंजाबी वस्ती मोठी असल्याने कढीपत्त्यापासून कारल्यापर्यंत सारे मिळते.

मात्र या जागी खरा बाजार कधी भरतच नव्हता, असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथेच, नदीच्या धक्क्यालगत, गावाची मंडई होती आणि फ्रेझरच्या खोऱ्यातले शेतकरी पाणी कापणाऱ्या मोठ्या चाकाने चालणाऱ्या वाफेच्या बोटींतून आपला माल घेऊन येत. सप्टेंबर १८९८ मध्ये धक्क्यावर साठवलेल्या वाळलेल्या गवताने पेट घेतला, जळत्या बोटी दोर तुटून काठाकाठाने वाहत गेल्या आणि एका रात्रीत गावाचा मध्यभाग राख झाला. गाव पुन्हा उभे राहिले. पुढे ट्रक आले, रस्ते आले, शेतमालाची नदीशी असलेली गाठ सुटली आणि धक्क्यावर गोदामे व रिकाम्या जागा उरल्या. १९८६ च्या सुरुवातीला स्कायट्रेन नियमित धावू लागली तेव्हा न्यू वेस्टमिन्स्टर हे तिचे शेवटचे स्थानक होते, आणि त्याच सुमारास या पडीक काठावर घरे, लाकडी वाट आणि नवे पब्लिक मार्केट अशी नवी आखणी झाली. आज आपण जी इमारत पाहाल ती त्या आखणीतली. म्हणजे आपल्याकडे बाजार नदीकाठी आपोआप भरत आला, तर इथे एकदा मोडलेला बाजार माणसांनी ठरवून परत आणला. या दोन गोष्टींत फरक राहणारच.

मग जायचे कशासाठी? नदीसाठी. माझे प्रामाणिक मत असे आहे की या ठिकाणी मार्केट हे पाऊस आला तर आत जाण्यासाठी, चहा घेण्यासाठी आणि गुडघ्यांना विश्रांती देण्यासाठी आहे. पाहायची ती नदी, आणि तीही एकदा जाऊन फोटो काढून परतण्याजोगी नव्हे. आपल्या हाताशी पाच महिने आहेत. आठवड्यातून दोनदा, वेगवेगळ्या वेळी, एकाच बाकावर जाऊन बसा. नाशिकच्या माणसाला हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

फ्रेझर १३७५ किलोमीटर लांब आहे, म्हणजे आपल्या गोदावरीपेक्षा (१४६५ किलोमीटर) थोडीच कमी. फरक असा की आपण गोदावरी उगमाजवळ पाहिलेली आहे, आणि ही नदी आपण मुखाजवळ पाहणार आहात. रॉकी पर्वतात उगम पावून ती न्यू वेस्टमिन्स्टरपाशी येते तेव्हा तिला फाटे फुटतात आणि समुद्र सुमारे तीस किलोमीटरवर उरलेला असतो. त्यामुळे भरती-ओहोटी इथपर्यंत पोहोचते. सकाळी काठाच्या खांबांवर ओलसर हिरवा पट्टा दिसेल आणि दुपारी तो पाण्याखाली गेलेला असेल. हिवाळ्यात नदीचे पाणी कमी असताना भरतीचा जोर इतका होतो की प्रवाह काही काळ उलटा वाहतो. आपण मात्र जूनमध्ये पोहोचत आहात, आणि तो या नदीच्या पुराचा महिना आहे. आपल्याकडे श्रावणात गोदेला पूर येतो तो पावसाने. इथे जूनमध्ये येतो तो पर्वतावरच्या बर्फाने, आकाश निरभ्र असताना. पहिल्यांदा पाहताना मला हे फार विचित्र वाटले होते: डोक्यावर कोरडे ऊन आणि समोर गढूळ, फुगलेली, झाडांचे बुंधे वाहून आणणारी नदी. आपण पाणी गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या अंगापर्यंत आले ते विचारतो, तसे इथले जुने रहिवासी १८९४ आणि १९४८ या सालांशी तुलना करतात. ते या खोऱ्यातले दोन मोठे पूर.

वाहून येणाऱ्या त्या बुंध्यांचीही एक गोष्ट आहे. ते बोटींना धोकादायक असल्याने ते उचलण्यासाठी सरकारी बोटी असत. त्या मालिकेतली शेवटची, १९३७ मध्ये बांधलेली ‘सॅमसन पाचवी’ ही वाफेवर चालणारी चाकाची बोट १९८० पर्यंत काम करत होती आणि निवृत्तीनंतर अनेक वर्षे मार्केटशेजारीच तरंगते संग्रहालय म्हणून बांधलेली होती. याशिवाय पाण्यात साखळीने वेढून ठेवलेले ओंडक्यांचे मोठमोठे तराफे आपल्याला दिसतील आणि एखादी छोटीशी टगबोट तसा अख्खा तराफा ओढत अगदी मुंगीच्या गतीने नेताना दिसेल. ओंडके समुद्रात न ठेवता इथे आणून ठेवण्याचे कारण समजले तेव्हा मला मोठा आनंद झाला होता: खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा एक शिंपवर्गीय जीव असतो, तो गोड्या पाण्यात जगत नाही, म्हणून फ्रेझरमध्ये लाकूड सुरक्षित राहते.

आपल्या डावीकडे, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या अंगाला, १९०४ मध्ये बांधलेला रेल्वेचा पूल आहे. त्याचा एक भाग मोठे जहाज आले की आडवा फिरतो आणि वाट मोकळी करतो. पूर्वी या पुलावर दोन मजले होते, खाली गाडी आणि वर रस्ता. तो फिरताना एकदा तरी पाहावा. त्याच बाजूला १९९० चा, केवळ स्कायट्रेनसाठी बांधलेला, ६१६ मीटर लांबीचा तारांचा पूल दिसतो.

लाकडी वाटेविषयी दोन सूचना. ऑक्टोबरमध्ये पाऊस सुरू झाला की फळ्या निसरड्या होतात, शेवाळ धरतात. त्या दिवसांत पत्नीला रबरी तळाचे बूट घालायला सांगावे आणि लाकडाऐवजी फरसबंदीच्या भागावर चालावे. दुसरे म्हणजे, काठीचे टोक फळ्यांच्या फटीत अडकू शकते, तेव्हा टोकाला रुंद रबर बसवून घ्यावे. मार्केटपासून पूर्वेला २०१२ मध्ये ‘पिअर पार्क’ नावाचे उद्यान झाले. त्याचा लाकडी धक्क्यावर उभा असलेला भाग सप्टेंबर २०२० मध्ये जळाला. लाकूड कुजू नये म्हणून खांबांना डांबरासारखे तेल पाजलेले असते आणि तेच एकदा पेटले की विझवणे कठीण होते. ती आग कित्येक दिवस धुमसत होती. जळालेला भाग गेला, उरलेले उद्यान वापरात आले, आणि तिथले गवताचे मैदान व नदीकडे तोंड केलेली आसने संध्याकाळी बसायला उत्तम आहेत. जूनमध्ये सूर्य रात्री नऊ वाजून गेल्यावर मावळतो, त्यामुळे मुलगी-जावई कामावरून आल्यावरही चौघांनी मिळून जाण्याएवढा उजेड शिल्लक असतो.

आपण मांसाहारी असाल तर सप्टेंबरच्या सुमारास सामन मासा अवश्य चाखा. आपल्याकडे रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणतात, पण दोघांचे नाते काहीच नाही. सामन समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी याच नदीतून, आपण बसलेल्या बाकासमोरून, शेकडो किलोमीटर वर जातो. नदीचे स्थानिक आदिवासी नाव ‘स्टोलो’ आहे आणि त्याचा अर्थ नुसता ‘नदी’ एवढाच. ज्यांच्या भूमीवर हे गाव उभे राहिले त्या कीकाईट लोकांचे जगणे या माशावरच चालत असे.

प्रश्न: आम्ही सहलीनिमित्त व्हँकूवरला फक्त दोन दिवस आहोत. ग्रॅनव्हिल आयलंडचे मार्केट आणि न्यू वेस्टमिन्स्टरचे रिव्हर मार्केट, यांपैकी एकच पाहता येईल. कोणते पाहावे? (एक वाचिका, पुणे)

उत्तर: ग्रॅनव्हिल आयलंड. मला न्यू वेस्टमिन्स्टरविषयी कितीही जिव्हाळा असला, तरी दोन दिवसांच्या पाहुण्याला मी दुसरे उत्तर देणार नाही. ग्रॅनव्हिल आयलंडची मंडई १९७९ पासून भरते आहे आणि ती खरोखरीची मंडई आहे. फळे, मासे, पाव, चीज यांचे गाळे एकमेकांना खेटून आहेत आणि पुण्याच्या महात्मा फुले मंडईत वावरलेल्या माणसाला तिथली गर्दी आपलीशी वाटते. ते नदीकाठी नाही, समुद्राच्या एका खाडीवर आहे. दुपारी उशिरा गेलात तर गर्दीमुळे बसायला जागा मिळत नाही, म्हणून सकाळीच जावे.

प्रश्न: आम्ही सरे येथे राहतो. दर रविवारी काही मराठी कुटुंबांची मुले एकत्र जमवून त्यांना मराठी शिकवतो. मुलांना न्यू वेस्टमिन्स्टरच्या नदीकाठी नेऊन तिथला इतिहास मराठीत सांगावा असे मनात आहे. काय दाखवावे? (एक पालक, सरे)

उत्तर: फार सुंदर कल्पना आहे. तीन गोष्टी सुचवते आणि तिसरीवर आपण अधिक वेळ द्यावा असे वाटते.

स्थानकातून बाहेर पडताच हायक चौकात एक ब्राँझचे शिल्प आहे. १ ऑक्टोबर १९४० रोजी याच एट्थ स्ट्रीटवरून सैनिकांची रांग जहाजाकडे उतरत असताना पाच वर्षांचा वॉरन बर्नार्ड आईचा हात सोडून वडिलांकडे धावला आणि क्लॉड डेटलॉफ या वृत्तपत्र-छायाचित्रकाराने तो क्षण टिपला. ते छायाचित्र जगभर गेले. वडील युद्धावरून परत आले. २०१४ मध्ये हे शिल्प त्याच जागी उभे केले गेले. मुलांना रस्त्याच्या उतारावर उभे करून रांग कुठून आली असेल ते दाखवा. शिल्प आपोआप समजेल. मार्केटजवळचा जवळजवळ दहा मीटर उंच टिनचा सैनिकही मुलांना आवडेल. १८५९ मध्ये कर्नल मूडी यांच्या हाताखालील ज्या ब्रिटिश लष्करी अभियंत्यांनी हे गाव आखले, त्यांची तो आठवण आहे. गावाचे नाव राणी व्हिक्टोरियाने ठेवले, म्हणून आजही त्याला ‘रॉयल सिटी’ म्हणतात, आणि काही काळ ते ब्रिटिश कोलंबिया या वसाहतीची राजधानीही होते.

तिसरी गोष्ट पाण्यापलीकडे आहे. मार्केटजवळच्या धक्क्यावरून क्वीन्सबरोला छोटी प्रवासी फेरी जाते. प्रवास काही मिनिटांचाच आहे, पण मुलांना बोटीत बसल्याचा आनंद मिळतो. क्वीन्सबरोमध्ये शंभर वर्षांहून जुनी शीख वस्ती आहे. या नदीकाठच्या लाकूड गिरण्यांत राबण्यासाठी पंजाबातून आलेली माणसे इथे स्थिरावली. १९१४ मध्ये ‘कोमागाटा मारू’ जहाजातून आलेल्या ३७६ प्रवाशांपैकी बहुतेकांना व्हँकूवरच्या बंदरात उतरू दिले गेले नाही आणि दोन महिन्यांनी जहाज परत पाठवले गेले. त्यानंतरच्या अस्वस्थ दिवसांत इथल्या शीख समाजातल्या मेवा सिंग यांनी इमिग्रेशन अधिकारी हॉपकिन्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, आणि ११ जानेवारी १९१५ रोजी त्यांना याच न्यू वेस्टमिन्स्टरच्या तुरुंगात फाशी दिले गेले. या किनाऱ्यावरच्या गिरणी कामगारांतूनच भारताच्या स्वातंत्र्यासाठीची गदर चळवळ वाढली आणि तिच्यात वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे व तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे हे दोन मराठी तरुणही होते. पिंगळ्यांना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लाहोरला, कर्तारसिंग सराभा यांच्यासोबत, फाशी झाली. नदीत तरंगणारे ओंडके दाखवून मुलांना ही साखळी सांगता येईल: लाकूड, गिरणी, कामगार आणि मग स्वातंत्र्याची चळवळ. लहान मुलांसमोर फाशीचा उल्लेख किती करावा, हे आपण पालकांनीच ठरवावे; दहा वर्षांवरच्या मुलांना ते सांगावे असे माझे मत आहे.

प्रश्न: घरच्या गणपतीचे निर्माल्य न्यू वेस्टमिन्स्टरच्या धक्क्यावरून नदीत सोडले तर चालेल का? रात्री कुणी नसते. (एक वाचिका, बर्नाबी)

उत्तर: कृपया सोडू नये, रात्रीही नाही. माशांच्या पाण्यात अपायकारक वस्तू टाकण्यास कॅनडाच्या मत्स्य कायद्याने मनाई आहे, आणि रंग, कापूर, प्लॅस्टिकचे दोरे, अष्टगंधाच्या पुड्या या गोष्टी निर्माल्यात असतातच. सप्टेंबर हा तर नेमका सामन वर चढण्याचा काळ. फुले व दूर्वा ओल्या कचऱ्याच्या हिरव्या पेटीत टाकायचे मनाला पटत नसेल, तर एका कुंडीत माती घेऊन त्यात पुरावीत आणि वर तुळस लावावी. शाडूची छोटी मूर्ती घरीच बादलीत विसर्जित करून ते पाणीही त्याच कुंडीला घालता येते. विसर्जनानंतर नदीचे दर्शन घ्यावेसे वाटले, तर सहकुटुंब लाकडी वाटेवर जाऊन काठावरूनच नमस्कार करावा. मी तिथे राहत असताना दर अनंत चतुर्दशीला तेच करत असे.